खिळे जुळविणारे शिक्षक

शिक्षकाचा व्यवसाय वरवर पाहता माणसांच्या गजबजाटात चालतो; परंतु त्याच्याइतका एकाकी व्यवसाय दुसरा क्वचितच असेल. वकिलाचा युक्तिवाद दुसरे वकील न्यायालयात बसून ऐकतात. वैद्याच्या निदानाची चिकित्सा दुसरा वैद्य करतो. गवंड्याने उभारलेली भिंत तर येणारे-जाणारे सारेच पाहतात. शिक्षक मात्र वर्गाचे दार लावून घेतो, आणि आत काय घडते ते त्याला व त्याच्या मुलांनाच ठाऊक असते. एखादी नवी युक्ती त्याला साधली, तरी ती बहुधा त्याच्याबरोबरच सेवानिवृत्त होते. फ्रान्समधील काही खेडोपाडीच्या शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या एकाकीपणावर एक उपाय शोधून काढला. त्याचा आरंभ एका लहानशा हातछापखान्यापासून झाला आणि पाहता पाहता त्यातून अनेक देशांत पसरलेला शिक्षकांचा एक परिवार उभा राहिला. त्या परिवाराचा इतिहास अनेक दृष्टींनी उद्बोधक आहे.

फ्रान्समध्ये १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण विनामूल्य, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. गावोगाव सरकारी शाळा निघाल्या. लहान गावात बहुधा एकच शिक्षक असे आणि निरनिराळ्या वयांची मुले तो एकाच खोलीत शिकवी. पाठ्यपुस्तक, श्रुतलेखन, पाठांतर आणि अधूनमधून होणारी तपासनिसाची भेट अशी त्याच्या आयुष्याची चाकोरी ठरलेली असे. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. पुष्कळ तरुण शिक्षक रणांगणावर गेले. त्यांतले अनेक परतले नाहीत, आणि जे परतले त्यांतले अनेक शरीराने व मनाने घायाळ होऊन परतले. मुलांना निमूटपणे आज्ञा पाळावयास शिकविणाऱ्या शाळेतूनच ही पिढी युद्धात लोटली गेली काय, असा प्रश्न त्यांच्यापैकी कित्येकांना सतावू लागला.

सेलेस्तँ फ्रेने हे अशांपैकी एक. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातील गार या खेड्यात १५ ऑक्टोबर १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. नीस येथील अध्यापक विद्यालयात त्यांचे शिक्षण चालू असतानाच युद्ध आले. १९१७ साली त्यांच्या छातीत गोळी लागली आणि फुप्फुसाला कायमची इजा झाली. दीर्घकाळच्या रुग्णशय्येनंतर १९२० च्या आरंभी बार-सुर-लू या गावच्या दोन वर्गांच्या शाळेत त्यांची नेमणूक झाली. मोठ्याने आणि दीर्घकाळ बोलणे त्यांना झेपत नसे. म्हणून अखंड व्याख्यान देण्यावाचून शिकविण्याचा दुसरा मार्ग शोधणे त्यांना भागच होते, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेविले आहे. तथापि केवळ शारीरिक दुबळेपणातून नवे शिक्षण निर्माण होत नसते. युरोपात ठिकठिकाणी चाललेले नव्या शिक्षणाचे प्रयोग त्यांनी जिज्ञासेने पाहिले. १९२३ साली स्वित्झर्लंडमधील मोन्त्रो येथे भरलेल्या नवशिक्षणाच्या परिषदेला ते गेले. तेथे त्यांनी नामांकित शिक्षणतज्ज्ञांची भाषणे ऐकली; पण ते सारे सुसज्ज शाळांसाठी आणि मोजक्या मुलांसाठी आहे, आपल्या गावच्या गर्दीच्या, कळकट वर्गात त्यातले फारसे चालणार नाही, ही जाणीव घेऊन ते परतले.

मुलांना घेऊन ते गावात आणि शिवारात फिरावयास जात. सुताराची करवत, विणकराचा माग, ओढ्यातले पाणी, ऑलिव्हची झाडे, सारे पाहून मुले हुशारून परतत. परंतु वर्गात आल्यावर पुस्तक उघडले की त्यात भलतेच काही असे. मुलांनी जे पाहिले ते फळ्यावर लिहिले जाई आणि संध्याकाळी पुसले जाई. हे शब्द टिकवावे कसे? या साध्या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९२४ साली फ्रेने यांनी एक लहानसा हातछापखाना मिळविला. मुलाने सांगितलेला किंवा लिहिलेला मजकूर सर्वांनी मिळून दुरुस्त करावा, मग मुलांनीच शिशाचे खिळे एकेक करून जुळवावेत, रुळाने शाई लावावी, कागद ठेवून दाब द्यावा, आणि काम संपल्यावर प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत ठेवावा, असा क्रम सुरू झाला. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते आणि ओळ भरावयास वेळ लागतो. त्यामुळे मुलगा प्रत्येक अक्षराशी थबकतो. शुद्धलेखनासाठी वेगळी छडी उगारावी लागली नाही, कारण चुकीचे अक्षर प्रत्येक प्रतीवर उमटे आणि ते सर्वांना दिसे. मुख्य गोष्ट अशी की शेतकऱ्याच्या मुलाचे चार शब्द आता छापील झाले होते. पुस्तकातल्या मजकुराला जी प्रतिष्ठा होती, ती त्यांना लाभली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शाळेत छापखाना आणणारे फ्रेने हे पहिले गृहस्थ नव्हेत. पोल रोबँ यांच्या साँप्वी येथील अनाथाश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणातच मुद्रणशाळा होती. ब्रसेल्समध्ये डॉ. ओव्हिद देक्रोली यांच्या शाळेतही मुले छापण्याचे काम करीत. परंतु हे छापखाने आपापल्या संस्थांच्या भिंतींच्या आतच राहिले. रोबँ यांना १८९४ साली पदच्युत करण्यात आले, आणि त्यांच्या मुद्रणशाळेतून शेजारच्या सरकारी शाळेत काही पोहोचले नाही. बार-सुर-लूचा छापखानाही असाच एका हौशी मास्तराचे खेळणे म्हणून विसरला गेला असता. तो विसरला गेला नाही, याचे कारण यंत्रात नव्हते. त्या यंत्राभोवती जी माणसे जमली त्यांच्यात होते.

फ्रेने शिक्षक-संघटनेच्या नियतकालिकांतून लिहीत असत. आपण काय केले, किती खर्च आला आणि कोठे फसले, हे त्या लेखांतून दूरदूरच्या शिक्षकांना कळू लागले. एकेकाची पत्रे येऊ लागली. त्यांत ब्रिटनीच्या समुद्रकाठचे, सँ-फिलिबेर या वस्तीवरचे शिक्षक रने दानिएल होते. एक वर्ग देशाच्या आग्नेय टोकाला आणि दुसरा पश्चिम टोकाला. पण दोन्ही वर्गांनी आपली छापील पाने एकमेकांना नियमाने पाठविण्यास आरंभ केला. एकीकडून कोळ्यांच्या आयुष्याचे वर्णन जाई, तर दुसरीकडून संत्र्यांच्या बागांचे. पानांच्या पाठोपाठ पुडकीही गेली. समुद्रातले शेवाळ डोंगरात आले आणि दक्षिणेतली फळे-फुले ब्रिटनीत पोहोचली. मुलांना आपण कोणासाठी लिहीत आहोत हे कळले, कारण वाचणारा आता मार्क देणारा मास्तर नव्हता. तो दूर देशीचा सोबती होता आणि न समजलेले उलट विचारीत होता.

या पत्रव्यवहारात मुलांचा जो लाभ झाला त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. शिक्षकांचा जो लाभ झाला तो तितकाच मोठा होता. दुसऱ्या वर्गातून आलेले पान म्हणजे त्या वर्गाच्या बंद दाराला पडलेली एक फटच होती. तेथे मुले कशी लिहितात, शिक्षक किती दुरुस्ती करतो, छपाई स्पष्ट कशी निघते, हे सारे त्या पानावर दिसे. तपासनिसाच्या भेटीत जे कधी साधले नाही ते येथे सहज साधले. कारण पाहणारा बरोबरीचा होता आणि त्याचेही पान तसेच पाहिले जात होते.

१९२७ साली फ्रेने यांचे शाळेतील मुद्रणाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तूर येथे शिक्षक-संघटनेच्या अधिवेशनाच्या निमित्ताने हे मुद्रक-शिक्षक प्रथमच एकत्र जमले. संख्येने ते थोडेच होते. त्यांच्या अडचणीही अगदी साध्या होत्या. खिळे कोठे स्वस्त मिळतात? शाई लवकर का वाळते? लहान मुलाच्या हाताला झेपेल असा दाबयंत्राचा दांडा कसा असावा? अशा प्रश्नांतून सहकार्याची गरज निर्माण झाली, आणि तिला सहकारी संस्थेचे रूप देण्यात आले. याच सुमारास जिरोंद प्रांतात रेमी बोयो आणि त्यांचे सहकारी शिक्षक शाळांसाठी चित्रपटांचा सहकारी संग्रह चालवीत होते. १९२२ साली बाजारात आलेले पाते कंपनीचे लहान चित्रपटयंत्र त्यांच्या हाती होते. पण एका शाळेला चित्रपटांच्या फिती विकत घेणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्या आळीपाळीने फिरविल्या जात. १९२८ पर्यंत हे दोन्ही प्रवाह धर्मनिरपेक्ष शिक्षणाच्या एका सहकारी संस्थेत मिळाले. छापखाना, चित्रपट, पुढे ग्रामोफोन आणि रेडिओ ही सारी साधने या संस्थेच्या कक्षेत आली. बटाट्याचा भाव शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत कसा चढत जातो हे दाखविणारा एक लघुचित्रपटही या शिक्षकांच्या संस्थेसाठी इव्ह आलेग्रे यांनी १९३२ च्या सुमारास तयार केला.

या संस्थेचे वैशिष्ट्य असे, की तिचा सभासद केवळ गिऱ्हाईक नव्हता, तो निर्माताही होता. १९२८ साली फ्रेने यांनी पाठ्यपुस्तकांना निरोप देण्याची भाषा केली. परंतु पुस्तक काढून घेतले तर मुलांच्या हाती द्यावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर एकट्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून १९२९ पासून माहितीपत्रांचा सामुदायिक संग्रह सुरू झाला. कोणी आपल्या भागातील मिठागरांवर पत्र तयार करी, कोणी पवनचक्कीवर, कोणी मधमाशीवर. १९३२ पासून मुलांना स्वतः वाचून काम करता येईल अशा सचित्र पुस्तिकांची माला निघू लागली. तिची पहिली पुस्तिका गाड्या आणि रथ यांच्या इतिहासावर होती. एक शिक्षक मसुदा करी, दुसरे काही शिक्षक तो आपापल्या वर्गांत मुलांपुढे ठेवून पाहात, अडलेल्या जागा कळवीत, आणि मग दुरुस्त होऊन ती पुस्तिका छापली जाई. याखेरीज फिरत्या वह्यांची एक पद्धत या परिवारात रूढ झाली. एखाद्या प्रश्नावर एक शिक्षक वहीत आपला अनुभव लिही आणि ती टपालाने पुढच्याकडे पाठवी. तो त्यात आपली भर घाली. अशी ती वही गावोगाव हिंडून मूळ लेखकाकडे परत येई, तेव्हा त्याच्या एका शंकेला अनेक वर्गांतून उत्तरे मिळालेली असत. लौकिक अर्थाने ही माणसे संशोधक नव्हती. पण संशोधनाला जी परस्परतपासणी लागते, ती त्यांनी टपालाच्या तिकिटांवर उभी केली होती.

आपल्या कार्याला 'पद्धती' म्हणू नये, 'तंत्रे' म्हणावे, असा फ्रेने यांचा आग्रह असे. पद्धती पूर्ण झालेली असते. ती स्वीकारावी किंवा नाकारावी लागते. तंत्र मात्र हातात घेऊन बदलता येते. छापखाना परवडत नसेल त्याने मेणकागदावरून प्रती काढणारे साधे यंत्र वापरावे. कोणी केवळ पत्रव्यवहारापासून आरंभ करावा. त्यामुळे संघात येऊ पाहणाऱ्या शिक्षकाला प्रथम दीक्षा घ्यावी लागत नसे, आणि आल्यावर त्याच्या लहानशा सुधारणेलाही स्थान असे.

या संघटनेची पहिली कठोर परीक्षा लवकरच झाली. फ्रेने १९२८ पासून सँ-पोल या गावी शिकवीत होते. तेथील एका मुलाने आपले स्वप्न लिहिले, आणि ते शाळेत छापले गेले. शाळेचे साहित्य फुकट देत नाही म्हणून मुलांनी नगराध्यक्षाविरुद्ध बंड केले, असे ते स्वप्न होते. १९३२ च्या अखेरीस गावात भिंतीपत्रके लागली. पॅरिसच्या उजव्या गटांच्या वृत्तपत्रांनी हे प्रकरण देशभर गाजविले, आणि एप्रिल १९३३ मध्ये विरोधकांचा जमाव शाळेवर चालून आला. शासनाने फ्रेने यांची सक्तीने बदली केली. त्यानंतर ते सरकारी शाळेत पुन्हा शिकवावयास गेले नाहीत. व्हाँस या गावाजवळ त्यांनी आणि पत्नी एलीझ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःची शाळा बांधली. ती १९३५ साली सुरू झाली. पुढे स्पेनमधील युद्धातून आलेल्या निर्वासित मुलांना तिने आसरा दिला. संस्थापकाचा सरकारी वर्ग असा हिरावून घेतला गेला, तरी पत्रिका आणि पुस्तिका निघतच राहिल्या. कारण त्या लिहिणारे, तपासणारे आणि वापरणारे वर्ग एव्हाना देशभर विखुरलेले होते.

स्पेनमध्ये या कार्याला याहून भीषण किंमत द्यावी लागली. तेथे एर्मिनिओ आल्मेंद्रोस यांनी १९३२ साली शालेय मुद्रणावर पुस्तक लिहिले, आणि कॅटलोनियातील येइदा शहराच्या परिसरातील शिक्षकांनी सहकारी संस्था काढली. या परिवारातील आंतोनी बेनायजेस हे शिक्षक १९३४ साली बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या लहानशा खेड्यात आले. स्वतःच्या पैशाने त्यांनी छापखाना आणि ग्रामोफोन घेतला. जानेवारी १९३६ मध्ये त्यांच्या मुलांनी समुद्राविषयी एक पुस्तिका छापली. त्यांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तो कसा असेल याची कल्पना करून मुलांनी लिहिले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण समुद्र दाखवू, असे शिक्षकाने त्यांना वचन दिले होते. जुलैमध्ये लष्करी उठाव झाला, बेनायजेस पकडले गेले, आणि त्याच महिन्यात त्यांना ठार मारण्यात आले. मुले समुद्राला गेली नाहीत. त्यांच्या हातच्या काही पुस्तिका मात्र टिकल्या. २०१० साली त्या भागातील सामुदायिक दफनभूमीचे उत्खनन झाले, त्यानंतर या शिक्षकाची कहाणी स्पेनभर पसरली आणि २०२३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. त्यांचे सहकारी पात्रिसिओ रेदोंदो देशोधडीला लागून मेक्सिकोत गेले, आणि तेथील व्हेराक्रुझ राज्यात सान आंद्रेस तुश्तला या गावी १९४० साली त्यांनी फ्रेने यांच्या नावाची शाळा काढली. खिळे स्पेनमध्ये राहिले. ज्ञान समुद्र ओलांडून गेले.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये फ्रेने यांना नजरकैदेच्या छावण्यांत टाकण्यात आले. १९४१ च्या ऑक्टोबरात सुटल्यानंतर आल्प्स पर्वतातील एका गावी त्यांनी आपले काही मुख्य ग्रंथ लिहिले आणि १९४४ साली प्रतिकाराच्या लढ्यात भाग घेतला. युद्ध संपल्यावर विखुरलेले शिक्षक पुन्हा जमले. १९४७ साली 'आधुनिक शाळे'च्या सहकारी संस्थेची स्थापना झाली. साहित्य तयार करून विकणे हे जुन्या सहकारी संस्थेचे काम राहिले, आणि अभ्यास, चर्चा व संमेलने यांचा भार या नव्या संस्थेने उचलला. इटलीत ज्युसेप्पे तामान्यीनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ साली शालेय मुद्रणाची सहकारी संस्था काढली. तिचीच पुढे शैक्षणिक सहकार्याची चळवळ झाली. १९५७ साली निरनिराळ्या देशांतील अशा चळवळींचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

हा सारा इतिहास केवळ सौहार्दाचा होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. सहकार म्हणजे मतभेदांचा अभाव नव्हे. संस्थापकाच्या शब्दाला येथे फार वजन होते, आणि ते काही सहकाऱ्यांना जाचक वाटू लागले. १९५० च्या सुमारास फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या विचारवंतांनी, म्हणजे एकेकाळच्या मित्रांनीच, त्यांच्यावर कठोर टीका केली. पॅरिस परिसरातील मोठ्या, बराकीसारख्या शाळांत शिकविणाऱ्या शिक्षकांचे प्रश्न खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेहून अगदी निराळे होते. रेमाँ फोंव्हिएय आणि फेर्नां ऊरी यांच्यासारखे पॅरिसचे शिक्षक १९६१ साली वेगळे झाले. परंतु वेगळे होतानाही वर्गाची सभा, पत्रव्यवहार आणि छापखाना ही तंत्रे त्यांनी बरोबर नेली, आणि ऊरी यांनी त्यांतून शहरी शाळांसाठी स्वतंत्र विचार उभा केला. तंत्र कोणाच्याही मालकीचे नसते, ही फ्रेने यांचीच शिकवण त्यांच्यापासून दूर जाणाऱ्यांनी अशी खरी करून दाखविली.

८ ऑक्टोबर १९६६ रोजी व्हाँस येथे फ्रेने निवर्तले. अशा प्रसंगी बहुतेक चळवळी स्मारकांच्या मागे लागतात. या शिक्षकांनी १९६८ साली पो येथील संमेलनात आपल्या तत्त्वांची सनद संमत करून घेतली आणि काम चालू ठेविले. व्हाँसची शाळा १९९१ साली सरकारने आपल्याकडे घेतली. शिशाचे खिळे हळूहळू कपाटात गेले. १९८० नंतर या परिवारातील शिक्षकांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारी मिनिटेल ही फ्रेंच यंत्रणा वर्गांच्या पत्रव्यवहारासाठी वापरून पाहिली. २०१२ साली तीही बंद झाली. तिच्याजागी संगणक आले. यंत्रे अशी बदलत गेली, आणि तरी एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला लिहावे, एका शिक्षकाने आपली अडचण दुसऱ्यापुढे ठेवावी, हा परिपाठ चालू राहिला.

शाळेत नवे साधन आणताना त्याची किंमत विचारली जाते, ते चालवावयास कोण शिकवील हेही विचारले जाते. बार-सुर-लूपासून मेक्सिकोपर्यंतचा हा प्रवास आणखी एक प्रश्न सुचवितो: ते साधन बिघडल्यावर, किंवा त्याचा उपयोग सापडल्यावर, शिक्षकाने ते कोणाला कळवावयाचे? वरिष्ठाला कळविले तर अहवाल तयार होतो. बरोबरीच्या शिक्षकाला कळविले तर त्याच्याकडून उत्तर येते, आणि बहुधा त्याची स्वतःची एक अडचणही त्याबरोबर येते. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा आणि दक्षिणेच्या डोंगरातला असे दोन शिक्षक हे करू लागले, तेव्हा त्यांच्यापाशी अधिकार नव्हता, पैसा नव्हता आणि मोठी संस्थाही नव्हती. एक छापलेले पान, त्यावर लावावयाचे तिकीट आणि पलीकडे कोणीतरी ते काळजीपूर्वक वाचील हा विश्वास एवढ्याच भांडवलावर त्यांनी आपल्या वर्गांची दारे एकमेकांसाठी उघडली.